गाडीतला खडखडाट आणि टायरची घरघर: आधी आवाज पकडा, मग पाना उचला

खड्ड्यात चाक गेलं की ‘टक्’, हायवेला ऐंशीच्या वर ‘घूंऽऽ’, आणि पेव्हर ब्लॉकवरून जाताना डॅशबोर्डमधून ‘चरचर’. या तीन आवाजांची मुळं तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि तिन्हींचा खर्चही वेगळा असतो. गॅरेजमध्ये मात्र तिन्हींना एकच उत्तर मिळतं: ‘सस्पेन्शनचं काम आलंय.’ मग पुढचे दोन्ही शॉकअप बदलले जातात, बिल होतं आणि टकटक तशीच राहते, कारण गेलेला असतो एक साधा लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा). म्हणून या लेखात पार्ट बदलण्याइतकीच जागा आवाज ओळखण्याला दिली आहे.

सोलापूर भागात गाडीला दोन गोष्टींचा जास्त त्रास होतो. पहिली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी खालीवर झालेला असतो. शॉकअपला त्यात क्षणाची विश्रांती नसते. दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि गाडीखालचं रबर लवकर कडक होतं. शिवाय गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना बाजू देताना डावं चाक रस्त्याच्या तुटक्या कडेवर उतरतं. त्यामुळे तपासणी डाव्या बाजूने सुरू केलेली बरी.

सुरुवात डिकीपासून

हे वाचून काहींना हसू येईल, पण सस्पेन्शन म्हणून आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने घट्ट आवळा. जॅक त्याच्या खोबणीत ठेवून टॉमीने (जॅक फिरवायच्या लोखंडी दांड्याने) थोडा उघडा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी दाबून बसेल. पाने, टॉमी, रिफ्लेक्टरचा त्रिकोण हे सगळं जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून स्टेपनीच्या खळग्यात कोंबा. ही चादर जाड असल्याने लोखंडाला लोखंड लागू देत नाही. मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे काढून ठेवा. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, चष्म्याचा कप्पा, सुटी नाणी बाहेर काढा. मागे कोणी बसत नसेल तर सीटबेल्टची बकल प्लास्टिकवर आपटते, ती अडकवून ठेवा. हेडरेस्ट हलवून पाहा.

मग बाहेरून एक फेरी. नंबरप्लेट बोटांनी वाजवा. ढिली असेल तर मागे फोमचा तुकडा लावा. बोनटखाली कोपऱ्यांत रबरी टेकू असतात, ते फिरवून उंच-खुजे करता येतात. बोनट बंद असताना कोपरा दाबल्यावर खाली जात असेल, तर टेकू अर्धा-एक आटा वर घ्या. डिकीच्या दाराचेही तसेच. डिकीचं दार सैल बसत असेल, तर खडबडीत रस्त्यावर त्याचा आवाज थेट मागच्या शॉकअपसारखा येतो.

आता रिकामी गाडी त्याच रस्त्याने फिरवा. आवाज गेला, तर काम झालं.

ट्रायल कशी मारायची

काचा खाली, एसी आणि गाणी बंद. मागच्या सीटवर एक माणूस हवाच, कारण ड्रायव्हरला प्रत्येक आवाज पुढूनच आल्यासारखा वाटतो. एक ट्रायल सकाळी गाडी थंड असताना आणि एक भर दुपारी मारा. थंडीत कुईकुई करणारा आणि तापल्यावर गप्प होणारा बहुधा बुश (सांध्यातलं रबर) असतो. तापल्यावर वाढणारी चरचर सहसा आतल्या प्लास्टिकची असते.

सगळ्यात उपयोगी चाचणी एक चाक आणि दोन चाकांची. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर बार, तेव्हाच पिळतो जेव्हा एक चाक वर आणि दुसरं खाली जातं. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावरून १५ च्या वेगाने अगदी सरळ गेलात, तर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, बार पिळत नाही आणि बारला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या लिंक रॉडवर जवळपास ताण येत नाही. तिथे धाड् वाजलं तर शॉकअप, त्याचं माउंटिंग किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश पाहा. मागून आलं तर मागचे शॉकअप आणि ऍक्सलचे बुश. उलट गतिरोधकावर गप्प राहणारी गाडी एकाच बाजूच्या बारीक खाचखळग्यांवर १०-२० च्या वेगात टकटक-टकटक करत असेल, तर संशय आधी लिंक रॉडवर आणि मग बारच्या बुशवर. फक्त या एका फरकाने निम्मं निदान होतं.

त्याच खराब पट्ट्यावरून पुन्हा जा, पण यावेळी ब्रेकवर पाय हलकासा ठेवून. आवाज लगेच थांबला तर दोष सस्पेन्शनचा नाही. ब्रेक पॅड किंवा कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन हलते आहे.

मोकळ्या मैदानात गाडी पाचच्या वेगाने पुढे घ्या, ब्रेक मारा, रिव्हर्स घ्या, पुन्हा ब्रेक मारा. दिशा बदलताना एकच जड ‘ठप्प’ आला तर लोअर आर्मचा मागचा बुश किंवा इंजिन माउंटिंग. दोन्हींत फरक करायला बोनट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबा आणि अर्ध्या क्लचवर क्षणभर गाडीला जोर द्या. इंजिन एकदम उसळत असेल तर माउंटिंग गेलं. पाहणारा माणूस गाडीच्या बाजूला उभा राहील, समोर कधीच नाही.

गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच ‘टण्’ करून स्प्रिंग उडी मारल्यासारखं वाटलं, तर शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरताना ऍक्सिलरेटरवर कट-कट-कट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस आसपास उडालेलं दिसेल. आणि खराब रस्त्यावर आवाजासोबत हातातल्या स्टिअरिंगला बारीक ठोके जाणवले, तर टायरॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅक.

चाक उचलून तपासणी

जमीन सपाट आणि पक्की हवी. शेतातल्या किंवा प्लॉटवरच्या काळ्या मातीत जॅक हळूहळू रुततो, आणि मे महिन्याच्या दुपारी डांबरातही स्टँडचे पाय बुडतात. खाली जाड फळी किंवा १८ मिमी प्लाय टाका. पहिला गिअर, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा). नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. स्टँड लावल्यावरच जा. स्टँड नसतील तर पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) असलेल्या गॅरेजमध्ये शंभर-दोनशे रुपये देऊन पाहून घेणं शहाणपणाचं.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा). मग ३ आणि ९ ला धरून हलवा: इथला ढिलेपणा बहुतेक वेळा टायरॉड एंडचा किंवा आतल्या रॅक एंडचा असतो. कोणता, ते दुसरा हात सांध्यावर ठेवला की कळतं.

लिंक रॉड तपासताना मात्र एक चूक सर्रास होते. एकच चाक उचलून लिंक हलवली जाते आणि ‘ओके आहे’ असं सांगितलं जातं. एक चाक वर, एक खाली असताना बार पिळलेला असतो, लिंक ताणलेली असते आणि तिचा ढिलेपणा लपतो. पुढची दोन्ही चाकं सारख्या उंचीवर पाहिजेत: एकतर दोन्ही जमिनीवर किंवा दोन्ही हवेत. मग लिंक मधोमध धरून जोरात झटका द्या. खटखट हाताला कळते, ऐकायची गरजच पडत नाही.

बारचे बुश म्हणजे बारला बॉडीशी धरणारे दोन रबरी ठोकळे. रबर आणि बार यांच्यात फट किंवा बारवर घासून चकाकलेला पट्टा दिसला तर ते बदला. कुईकुई या बुशची आहे का ते पाहायला साबणाचं पाणी फवारा आणि गाडी हलवा. पाणी वाळेपर्यंत आवाज गेला तर चोर सापडला.

लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून हलका जोर द्या. रबरावरच्या केसासारख्या भेगा चालतात. रबर लोखंडी नळीपासून सुटलेलं किंवा भेग निम्म्याहून खोल गेलेली चालत नाही.

शॉकअपवर ओल दिसली की लगेच नवीन घ्यायला सांगतात. थोडीशी ओल चालते. दांड्याबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येतोच आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसून तो भयंकर दिसतो. फडक्याने स्वच्छ पुसा, दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा पाहा. ओघळ आला असेल तर शॉकअप गेला. कोपरा दाबून सोडायची जुनी चाचणी पूर्ण गेलेला शॉकअप दाखवते, अर्धा गेलेला दाखवत नाही. एवढ्यावरून त्याला पास करू नका.

लिंक रॉड घरी बदलणे

सस्पेन्शनमधलं हे एकच काम थोडा हात बसलेल्या माणसाने घरी करायला हरकत नाही. पार्ट स्वस्त, वेळ दोन तास, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडत नाही.

१. गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांचे नट अर्धा आटा सैल करा. मग दोन्ही बाजू उचलून स्टँडवर घ्या, चाकं काढा.

२. लिंकच्या दोन्ही टोकांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. गंज सोडवणारा स्प्रे मारून १५-२० मिनिटं थांबा. घाई केली की पुढच्या पायरीला रडू येतं.

३. नट फिरवताना आतला बोल्टही फिरतो. त्याच्या टोकाला सहसा ५ किंवा ६ मिमीचा ऍलन की बसतो. तो धरून रिंग पान्याने नट काढा. नट गाडीप्रमाणे १४ ते १८ मिमीचा असतो. ऍलनची खाच गोल झाली तर ग्राइंडरने कापायची वेळ येते; तेव्हा ब्रेकचा होस आणि ड्राइव्ह शाफ्टचं बूट ओल्या फडक्याने झाका, ठिणगीने दोन्ही जळतात.

४. नवीन लिंक जुन्याशेजारी ठेवून लांबी आणि टोकांची दिशा जुळते का पाहा. काही गाड्यांत डावी-उजवी वेगळी असते.

५. नायलॉनचे लॉकनट नवीनच वापरा. हवेच्या गनने आवळू नका. आतला गोळा वेगाने फिरतो, तापतो, बूट फाटतं आणि नवीन लिंक काही महिन्यांत पुन्हा वाजू लागते. लहान गाड्यांना साधारण ४० ते ६० न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

६. दोन्ही बाजू एकदम बदला. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, बहुतेक लहान गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान. ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

लोअर आर्म, शॉकअप, ब्रेक: गॅरेजमधली कामं

लोअर आर्मचा बुश प्रेसवर बदलता येतो. पण बॉल जॉइंटही ढिला असेल आणि तो आर्मला कायमचा बसवलेला असेल, तर पूर्ण आर्म घेतलेला परवडतो. बुशला दिशा असते, जुन्याची खूण करूनच तो दाबला पाहिजे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शेवटचे बोल्ट आवळताना. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, आणि मिस्त्री बोल्ट पूर्ण आवळतो. रबरी बुश त्या लोंबत्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश अर्ध्या आयुष्यातच फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे हलवून बसू द्यायची, आणि मग पिटवर किंवा चार खांबांच्या रॅम्पवर टॉर्क द्यायचा. काम सुरू होण्याआधीच हे बोलून घ्या. मागच्या ऍक्सलच्या बुशलाही हाच नियम.

शॉकअप जोडीनेच बदलतात. त्याच मजुरीत माउंटिंग, डोक्यावरचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हरही बदला. सहा महिन्यांनी पाचशे रुपयांच्या बेअरिंगसाठी पुन्हा तेवढीच मजुरी द्यायला नको. स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय शॉकअपचा वरचा नट उघडणाऱ्या माणसाकडे हे काम देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

नवीन शॉकअप बसवल्यावर लगेच टकटक आली, तर तीनच गोष्टी पाहायच्या. वरचा नट पुरेसा आवळला आहे का. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या पायरीला टेकलं आहे का. आणि बसवण्याआधी शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ताणून आतली हवा काढली होती का. आडवा पडून आलेल्या डब्यातून थेट बसवला तर हवा अडकून राहते.

ब्रेकमध्ये कॅलिपरच्या पिना काढून पुसायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं चॅसिस ग्रीस लावलं तर पिनेचं रबर फुगून पिन जाम होते आणि पॅड एकाच बाजूने झिजतात. नवीन पॅडबरोबर पत्र्याच्या क्लिपा नवीन घ्या. जुन्या क्लिपा हेच खटखटीचं सर्वांत साधं कारण.

सायलेन्सरच्या वरचा उष्णता अडवणारा पत्राही पाहून घ्या. त्याचं बोल्टचं भोक गंजून मोठं होतं आणि ठराविक आरपीएमला टर्रर्र वाजतं. भोकावर मोठा वॉशर टाका किंवा पत्रा पाइपला स्टीलच्या जुबली क्लिपने बांधा. काढून फेकू नका, वरच्या भागात वायरिंग आणि पेट्रोलची लाइन असते.

जाता जाता एक सवय मोडायची गोष्ट: सर्व्हिसिंगला गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल मारणं. दोन दिवस कुईकुई बंद होते हे खरं, पण पेट्रोलियमने बुशचं रबर फुगतं, मऊ पडतं आणि वर धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

हायवेची घूंऽऽ: टायर की बेअरिंग

सोलापुरात जुन्या पुणे नाक्यावरून बाळे भागाकडे निघून हायवेला लागलात की वेग वाढतो आणि शहरात न ऐकू आलेली घरघर सुरू होते. रस्त्याचा पोत बदलला, डांबरावरून सिमेंटवर गेलात, की आवाज बदलला तर तो टायरचा. रस्ता कोणताही असो, आवाज फक्त वेगाप्रमाणे चढत-उतरत असेल तर बेअरिंग. मोकळ्या सरळ रस्त्यावर ५०-६० ला स्टिअरिंग हलकं डावीकडे द्या. वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग, उलट केल्यावर वाढली तर डावं. चाक उचलून हाताने जोरात फिरवा आणि स्प्रिंगवर बोट टेकवा: खराब बेअरिंगची खरखर बोटाला लागते.

बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं की त्याच्या गोट्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि घरघर परत येते. प्रेसवर, आणि नकलमध्ये (चाकामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात) बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर दाब देऊन बसवलं पाहिजे. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडेच हवी, नाहीतर नव्या बेअरिंगसोबत डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा फुकट मिळतो.

टायरचा संशय असेल तर आधी हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा पाळा. बऱ्याच लहान गाड्यांचा तो २९ ते ३३ पीएसआयमध्ये असतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान दर ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. दुपारी तापलेल्या टायरची ‘जास्तीची’ हवा काढली की दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर चालतो. मायलेजसाठी ३८ भरणाऱ्यांना प्रत्येक बारीक दगड सीटपर्यंत पोहोचतो.

मग टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे आणि मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडलं आहे. जागोजागी बशीसारखे खळगे असतील तर शॉकअप थकले किंवा बॅलन्सिंग गेलं. इथे लोक फसतात: शॉकअप नवीन घातले तरी खळगे पडलेला टायर वाजतच राहतो आणि शॉकअपला नावं ठेवली जातात. खात्री करायला त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर आपसांत बदला. आवाजाची जागा बदलली की उत्तर मिळालं. दर ८ ते १० हजार किलोमीटरला अशी अदलाबदल केली तर खळगे कमी पडतात.

टायरच्या भिंतीवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, नक्षी १.६ मिमीच्या खुणेच्या वर असली तरी आवाज वाढतो आणि ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. नवीन घेताना कंपनीच्याच मापाचे घ्या. मोठी रिम आणि बारीक भिंतीचे टायर दिसायला झकास, पण प्रत्येक सांध्याचा धक्का आणि आवाज दोन्ही आत आणतात.

डॅम्पिंग: सगळं दुरुस्त झाल्यावरच

ढिल्या बुशवर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारा चिकट थर) चिकटवून काही होत नाही. आधीचं सगळं मिटल्यावरही पत्रा ढबढबत असेल आणि टायरची घरघर आत येत असेल, तेव्हा याकडे वळा. आधी मोजा: फोनवरचं डेसिबल मीटर, एकच रस्ता, ८० चा स्थिर वेग, काचा आणि एसी बंद, वारा पडलेली सकाळ. फोनचा आकडा अचूक नसतो, पण आधी-नंतरचा फरक पुरेसा कळतो. दोन-तीन डेसिबल कमी झाले तर काम चांगलं झालं समजा. यापेक्षा जास्त कबूल करणाऱ्या दुकानदाराला लेखी मागा.

साहित्य म्हणजे ऍल्युमिनियमचा थर असलेली २ मिमीची ब्युटाइल (रबरी) शीट. छताच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी तशीच दिसते आणि खूप स्वस्त असते, पण उन्हात बंद उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास सोडते आणि दाराच्या तळाशी घसरून काचेच्या यंत्रणेत अडकते. सोलापुरात तर तिचं नावच काढू नका. दारात फेल्ट, कापूस किंवा ग्लास वूलही नको. पाणी धरून ठेवतं आणि दार आतून गंजतं.

पत्रा पूर्ण झाकायची गरज नसते. शीटचं काम पत्र्याचं थरथरणं मारणं एवढंच, आणि ते मोठ्या सपाट भागाच्या मधल्या ४०-५० टक्के जागेवर लावूनही जवळपास पूर्ण होतं. बोटाने वाजवून पाहा: ‘टण्’ येतो तिथे लावा, ‘ठक्’ येतो तिथे सोडा. चार दारांच्या बाहेरच्या पत्र्याला मिळून एक ते दीड चौरस मीटर, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांच्या कमानींना एक चौरस मीटरच्या आसपास. चौरस मीटरला साधारण ३ किलो वजन धरा. हॅचबॅकमध्ये मागच्या कमानींपासूनच सुरुवात करावी. तिथे कंपनीने आवाज अडवणारं साहित्य सर्वांत कमी घातलेलं असतं. मग दारं, मग पुढचा तळ. छप्पर रस्त्याच्या आवाजासाठी नाही, पावसाच्या टपटपीसाठी.

दाराचं काम सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत करा. तापलेल्या पत्र्याला शीट टेकताक्षणी चिकटते आणि सरळ करता येत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून पाच मिनिटं थांबा, कारण दारात आणि सीटखाली एअरबॅगचं वायरिंग असतं. पिवळे कनेक्टर ओढू नका. हँडलमागचे स्क्रू काढा, पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने खालून उचका. जुन्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात, दहा-बारा नवीन आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा पडदा जपून सोडवा आणि नंतर तो पुन्हा हवाबंद चिकटवा. हा पडदा पाणी अडवतो, आणि काही गाड्यांत दारातला एअरबॅगचा सेन्सर आतल्या हवेच्या दाबावर चालतो.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर रंग उचलतो. शीट लहान तुकड्यांत कापा, हातमोजे घाला (ऍल्युमिनियमची कड ब्लेडसारखी कापते) आणि रोलरने वरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. नुसतं हाताने दाबलेलं पहिल्या पावसाळ्यात सुटतं. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. पॅनेल लावण्याआधी काच वर-खाली, लॉक आणि स्पीकर एकदा चालवून पाहा.

डिकी आणि तळाला ब्युटाइलवर ६ ते १० मिमीचा बंद पेशींचा फोम अंथरला तर टायरचा वरच्या पट्टीतला आवाज आणखी दबतो. दाराच्या ओल्या भागात मात्र फोम नको.

काही घरघर वाऱ्याची असते. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे रबर दबून सैल झालं आहे. हायवेला शिट्टी येत असेल तर काचेच्या कडा आणि आरशाच्या बुंध्याशी मास्किंग टेप लावून तोच पट्टा पुन्हा चालवा. टेपची एकेक पट्टी काढत गेलात की फट सापडते.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘सस्पेन्शन बघा’ असं सांगू नका. ‘डाव्या बाजूने, एका चाकाच्या खड्ड्यावर, १५ च्या वेगात, टकटक, ब्रेक दाबला तरी आवाज थांबत नाही’ असं सांगा, आणि मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर आवाज ऐकवा. एका वेळी एकच पार्ट (जोडीने बदलायचा असेल तर ती जोडी) बदलायला सांगा. जुना पार्ट परत मागा आणि हातात घेऊन हलवा; घट्ट असलेला पार्ट बदलून बिल लागलं असेल तर तिथल्या तिथे कळतं. टायरॉड, लोअर आर्म किंवा शॉकअपला हात लागला असेल तर अलाइनमेंट करून आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट घ्या, आणि त्यावर दोन्ही पुढच्या चाकांचा टो (चाकं किती आत-बाहेर वळली आहेत तो कोन) हिरव्या पट्ट्यात असताना स्टिअरिंगही सरळ आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्याआधी चालवून पाहा.